चौदा बाय चौदा

गळती पहिल्यांदा दिसली मार्चच्या गारपिटीनंतर.
छतावर नाही, रजिस्टरच्या पान अठ्ठेचाळीसवर.
जेलपेनची अक्षरं सुजली होती,
मडावी आणि मरस्कोल्हे एकमेकींत उतरल्या होत्या,
कुणाचं सिकल, कुणाचं साधं, कळेना.
दोघींना परत बोलावलं. परत बोट टोचलं.
धाकटी म्हणाली,
मागच्या वेळचं रक्त कुठं गेलं?

आता वडसा. गाडी लोमेश गुरनुलेच्या शेडसमोर.
हिवाळाभर हा नाटकांचे दिवे टांगतो,
उन्हाळ्यात कूलर, फ्रीज,
आणि आज ही आमची तपासणीची गाडी,
जिच्या मागच्या बाकावर मी चार वर्षं झोपते.
गावोगावची पोरं दारात रांग लावतात, तपासायला नाही,
गाडीत हिवाळा ठेवला आहे म्हणून.

"टीन निवल्याबिगर वर चढत नाही मी," लोमेश म्हणाला,
"तळव्याची पोळी होते."
मग दिवेलागणीनंतर सुरुवात.
तो टपावर, मी आत,
मधे चार बोल्ट, वीतभर लांब.
बोलणं सगळं ठोक्यांचं:
एक म्हणजे सैल कर,
दोन म्हणजे थांब.

एसीचं धूड बाजूला सरकलं तेव्हा
माझ्या उशीवर पडलं:
गंजाचा भुगा, एक वाळलेली पाल,
मोहाची दोन फुलं, कोणत्या गावची कोण जाणे.
गॅस्केट दबून पापड झालेलं.
आणि भोवती सिलिकॉन, पांढरं, त्यावर राखाडी,
त्यावर काचेसारखं,
प्रत्येक ड्रायव्हरनं आपापल्या पावसाळ्यात थापलेलं.

"कोनं केलं हे बाप्पा?
आत गेलेल्या पान्याची बाहेर निघाची वाटच बुजवून टाकली."
मुदत संपलेल्या एटीएम कार्डानं
तो खरवडत राहिला,
पत्र्याला ओरखडा जाऊ नये म्हणून हळू,
नखात काळं, कपाळाला टॉर्च.

नवं गॅस्केट नागपूरहून सकाळच्या एसटीनं येणार.
ताडपत्री टाकू का, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, राहू दे.

चौदा इंच बाय चौदा इंच.
एक तारा डाव्या कोपऱ्यातून शिरला,
अकरा चाळीसला उजवीकडून गेला.
नंतरच्यांची नोंद ठेवली नाही.
डास होते. उकडत होतं. लांब मालगाडी
नागभीडकडे डबे मोजत गेली,
आणि कुठलासा रातवा चक चक चक चक करत
कुणाची तरी पाटी ठोकत बसला होता.
चार वर्षं मी या गावांत झोपले आहे
आणि रात्री ऐकला आहे फक्त कॉम्प्रेसर.

सकाळी पार्सल. थिनरचा बोळा,
पुसलेल्या कडेवरून त्याचं बोट,
कुठे कण लागतो का बघत.
धूड परत जागेवर बसलं,
आणि तारा जात होता तिथे
जाळी आली, बटण आलं, हाय, लो.
"आता तिरपं कस. एक हा, मग समोरचा.
गॅस्केट अर्धं दबलं का थांब."
आणि पुरं दाबलं तर?
"तर गळते. सैल असलं का गळते,
लय आवळलं तरी गळते."
वरून दोन ठोके.
माझा पाना अजून पाव फेरा मागत होता.
मी थांबले.

मग त्यानं वर पाच बादल्या ओतल्या,
एकेक, घाई न करता, शेजारची दोन पोरं भिजवून.
मी खाली टिपकागद धरून उभी,
हात भरून आले तरी.
कोरडा.
दुसरा घेतला. कोरडा.

पैसे देताना तो म्हणाला,
पावसाळ्यात एकडाव पाहून घ्या,
माझ्या शब्दावर नका राहू.

कुरखेड्याच्या रस्त्याला लागण्याआधी
पान अठ्ठेचाळीस उघडलं.
मडावी.
एक ओळ सोडून, मरस्कोल्हे.
बॉलपेननं.